पावतीवर नसलेला शब्द



आजचा विषय केसांचा आहे. पण तेल, शिकेकाई, जास्वंदीचा लेप असं काही सांगणार नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्याच घरात घडलेली गोष्ट सांगते. लेकीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "लिही आई, पण मला बिचारी करू नकोस." म्हणून बेताने लिहिते.

सुरुवात ओट्यावर पडलेल्या एका पत्रकापासून करते. गुळगुळीत कागद, त्यावर दोन फोटो. एकात विरळ भांग, दुसऱ्यात दाट केस. खाली मोठ्या अक्षरांत 'स्टेम सेल हेअर थेरपी'. आमच्याकडे पोळ्यांना येणारी बाई मूळची धानोऱ्याकडची, सातवी शिकलेली. कणीक मळता मळता तिची नजर त्या कागदावर गेली. हात थांबवून ती एकेक अक्षर लावून वाचू लागली आणि मग मला विचारलं, "काकू, हे स्टेम सेल म्हणजे आमच्या पोराले डॉक्टरनं सांगतलं तेच का जी? ताईले पण सिकल आहे का?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. त्या एका प्रश्नाने मला जे शोधायला लावलं, ते पंचवीस हजार रुपये भरण्याआधी शोधायला हवं होतं.

आता मागचं सांगते.

माझं माहेर वडसा. मी लहान असताना वडसा चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा माझं माहेर आणि सासर दोन जिल्ह्यांत गेलं. आमच्या घरी केसांचं फार कौतुक. रविवारी आई ओसरीवर आम्हा तिघी बहिणींना ओळीने बसवायची, रिठा-शिकेकाई उकळून ठेवायची. उवा निघाल्या तर फणीने अलगद काढून कापडावर ठेवायची. मारायची नाही. "तिलाही जीव आहे," एवढंच म्हणायची. माझी वेणी कमरेखाली होती आणि लग्नात सासूबाईंनी पहिलं कौतुक केलं ते तिचंच. मी बी.कॉम. झाल्याचं कौतुक त्यांना दोन-तीन वर्षांनी झालं, दुकानाच्या वह्या मी लिहायला लागले तेव्हा!

लेकीचे केस मात्र चोविसाव्या वर्षापासून भांगाजवळ विरळ व्हायला लागले. ती नोकरीला पुण्यात. सुट्टीत घरी आली की मी आधी तिचा भांग बघायची आणि मग चेहरा. हे तिच्या लक्षात येत होतं, माझ्या येत नव्हतं. तिशी उलटली, स्थळं बघणं सुरू झालं, तशी माझी घालमेल वाढली. एका मंडळींसमोर बसायच्या आधी मीच तिच्या भांगात ती काळी पूड भुरभुरली. केसांचे बारीक तंतू असतात तिच्यात, टाळू दिसू देत नाहीत. मे महिना, चंद्रपूरचा उन्हाळा. घाम आला आणि कपाळावर काळसर ओघळ उतरला. पाहुण्यांच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. लेक पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली ती दहा मिनिटं बाहेरच आली नाही.

त्याच वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, बुलढाण्याची बातमी सगळीकडे होती. तुम्हालाही आठवत असेल. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत बायका-पुरुष-मुलांचे केस दोन-चार दिवसांत हातात येऊ लागले. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. दिल्लीहून आयसीएमआरची पथकं आली. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन रक्ताचे, लघवीचे, केसांचे आणि गव्हाचे नमुने तपासून घेतले. रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं द्रव्य स्थानिक गव्हापेक्षा कितीतरी जास्त आढळलं, असं त्यांनी सांगितलं. पुढे बऱ्याच जणांचे केस परत उगवू लागले. ती बातमी वाचून मी घरात फक्त एवढं केलं की बोअरचं पाणी बंद करून फिल्टरच्या पाण्याने केस धुवायला लावले. त्यातली खरी शिकवण, म्हणजे केस का गळतात ते आधी शोधा आणि मग उपाय करा, ती माझ्या डोक्यात शिरलीच नाही.

मी थेट उपायाकडे गेले. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकची जाहिरात नातेवाइकांच्या ग्रुपवर आली होती. लेकीला सुट्टी घ्यायला लावून तिथे घेऊन गेले. थंडगार हॉल, काचेची टेबलं, गुलाबपाण्याचा वास. डॉक्टर भेटले पाच मिनिटं, काउन्सेलर मुलगी बोलली पाऊण तास. रक्ताची एकही तपासणी नाही. डोक्यावर कॅमेरा फिरवून पडद्यावर मुळं दाखवली. ती मोठी करून बघितली की कोणाचंही डोकं भयाणच दिसतं. सहा बैठका, एक लाख ऐंशी हजार रुपये. हप्त्याची सोय. आजच नाव नोंदवलं तर तीस हजारांची सूट.

मी विचारलं, "यात असतं काय? कशापासून काढतात?"

ती हसून म्हणाली, "आंटी, हंड्रेड परसेंट नॅचरल. स्टेम सेल्स आहेत, ग्रोथ फॅक्टर्स आहेत."

"म्हणजे कोणाचे?"

"लॅबमध्ये बनतात आंटी."

मला तेव्हाच उठायला हवं होतं. बाहेर गेल्यावर ब्रेडच्या पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचणारी, केकवाल्याला अंडं नाही ना म्हणून तीनदा विचारणारी मी, माझ्या लेकीच्या डोक्यात सुईने काय जाणार आहे ते एका 'नॅचरल' शब्दावर सोडून मोकळी झाले. पंचवीस हजार भरले. लेक म्हणाली, "आई, विचार करू ना थोडा." मी म्हणाले, "विचार करण्यातच तीस वर्षं झाली." हे वाक्य मला आजही टोचतं.

चंद्रपूरला परत आल्यावर सवयीने पावती वहीला टाचायला घेतली. चाळीस वर्षं जमाखर्च लिहितेय, म्हणून पावतीवरचं वर्णन वाचल्याशिवाय नोंद होत नाही. पत्रकावर चार ठिकाणी 'स्टेम सेल' होतं. पावतीवर एकदाही नव्हतं. तिथे नुसतं 'हेअर प्रोग्राम, अ‍ॅडव्हान्स' आणि खाली 'परतावा मिळणार नाही'. सहीसाठी घरी दिलेल्या संमतीपत्रातही तो शब्द नव्हता. उलट परिणामाची खात्री देता येत नाही, असं मात्र व्यवस्थित छापलं होतं. दुकानात असा व्यवहार कोणी आमच्याशी केला असता, म्हणजे नमुना एक आणि बिल दुसऱ्याच मालाचं, तर मी तो माल दारातूनच परत पाठवला असता.

त्याच दुपारी ते पत्रक ओट्यावर होतं आणि तो प्रश्न आला, "ताईले पण सिकल आहे का?"

सिकलसेल म्हणजे काय हे आपल्या भागातल्या बायकांना नव्याने सांगायला नको. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, तेव्हाच्या त्यांच्या सुरुवातीच्या कामातच इथे हा आजार आहे हे समोर आलं. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि लेकराची हाडं अशी दुखतात की ते रात्र-रात्र रडतं. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. आमच्या बाईच्या बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा असाच. रोजची गोळी चालू, वर्षातून तीन-चारदा दवाखान्यात भरती. त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं की भावाबहिणींपैकी कोणाचा जुळला तर त्यांच्या अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल, मराठी पेपरात ज्यांना मूलपेशी म्हणतात त्या, याला देता येतील. मग याच्या शरीरात नवीन, गोल पेशी तयार होतील. सख्ख्या भावंडाचा जुळण्याची शक्यताही चारात एकच. त्याची मोठी बहीण जुळली.

आमच्या घरात हा शब्द गुळगुळीत कागदावरून आला होता, तिच्या घरात केसपेपरवरून. दोन्ही एकच आहेत का, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी तिला म्हणाले, "विचारून सांगते."

माझ्या मामेबहिणीची सून नागपुरात त्वचारोगतज्ज्ञ आहे. आधी तिच्याकडे का गेले नाही म्हणाल, तर लाज. नात्यात कळेल, स्थळ येण्याआधी बोभाटा होईल, ही भीती. आता मात्र लेकीला घेऊन गेले. तिने आधी सगळं ऐकून घेतलं, मग पत्रक बघितलं आणि म्हणाली, "मामी, हा शब्द केसांच्या बाजारात किमान चार वेगवेगळ्या गोष्टींवर चिकटवतात. तुम्हाला कोणती देणार होते, ते त्यांनी सांगितलंच नाही."

तिने सांगितलेलं माझ्या भाषेत लिहिते.

पहिली गोष्ट पीआरपी. आपलंच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात, त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करून टाळूत टोचतात. काहींना याचा थोडाफार फायदा होतो, पुन्हा पुन्हा करावं लागतं. पण यात स्टेम सेलचा उपचार असा काही नसतो.

दुसरी, स्वतःच्याच पोटाच्या चरबीतून किंवा टाळूच्या तुकड्यातून पेशी वेगळ्या करून टोचणं. यावर छोटे छोटे प्रयोग झाले आहेत, पण सर्रास रुग्णांना द्यावं इतका पुरावा जमलेला नाही.

तिसरी एक्झोसोम. पेशी प्रयोगशाळेत वाढवतात आणि त्या जे सूक्ष्म कण बाहेर टाकतात त्यांचं द्रावण वापरतात. पेशी कोणाच्या, ते कंपनीप्रमाणे बदलतं. माणसाच्या नाळेच्या असतील, चरबीच्या असतील, कधी वनस्पतीच्याही असतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ च्या डिसेंबरमध्ये अशा एक्झोसोमबद्दल लोकांना सावध केलं होतं, कारण तिथे काही रुग्णांना ते दिल्यावर गंभीर त्रास झाला होता.

चौथी म्हणजे बाटलीतलं सीरम, ज्यावर सफरचंदाच्या स्टेम सेल वगैरे लिहिलेलं असतं. तो वनस्पतीचा अर्क. लावा, लावू नका, माणसाच्या केसाची मूलपेशी त्यातून येत नाही.

मी विचारलं, "म्हणजे सगळं खोटंच?"

ती म्हणाली, "नाही मामी, शास्त्र खरं आहे, फक्त ते अजून दुकानात आलेलं नाही." केसाच्या मुळाला लागूनच एक छोटासा फुगवटा असतो, त्यात केसाच्या मूलपेशी राहतात, हे शास्त्रज्ञांनी १९९० मध्येच दाखवलं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे आवरतं घेतो, तीन महिने विसावतो आणि गळतो. पुन्हा नवा उगवतो तो त्या मूलपेशींमुळेच. आणि गंमत म्हणजे २०११ मध्ये अमेरिकेत टक्कल पडलेल्या पुरुषांच्या टाळूचे तुकडे तपासले, तेव्हा मूलपेशी तिथेच होत्या. त्यांच्यापासून पुढची कामकरी पेशी तयार होणं कमी झालं होतं. आम्हा धानपट्ट्यातल्या माणसांना हे लगेच समजतं. बांधीत बियाणं आहे, पण रोप वर येत नाही. अशा वेळी वरून आणखी बियाणं टाकून काय होणार?

मग तिने नियम सांगितला. आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत रक्ताच्या आजारांसाठी होणारं मूलपेशींचं प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. बाकी सगळं प्रयोग. आणि प्रयोग करायचा तर परवानगी घेऊन, नोंद करून, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे न घेता.

मी तिथेच बसून मनात हिशेब केला. ज्याचा त्या शब्दावर खरा हक्क होता, ते लेकरू धानोऱ्याकडच्या जंगलात होतं. आणि आम्ही त्याच शब्दाचे एक लाख ऐंशी हजार द्यायला निघालो होतो.

शेवटी मी मनातला प्रश्न विचारला, जो काउन्सेलरने हसण्यावारी नेला होता. "यात हिंसा आहे का?" तिने थोडा विचार केला, मग म्हणाली, "पीआरपीत नाही, ते तुमचंच रक्त. पण प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर त्यांना खाद्य लागतं. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी वासराच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम वापरतात. गाभण गाय कापली जाते तेव्हा ते काढतात. हल्ली दुसरे पर्यायही आहेत, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. आणि सध्या चेहऱ्याला, टाळूला 'सालमन डीएनए' टोचतात, ते तर नावातच मासा आहे."

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. चातुर्मासात पालेभाजी सोडणारी मी, पाणी गाळून पिणारी मी. खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, सुईच्या बाटलीवर नसतो. म्हणून तिथे तर आपणच जास्त विचारलं पाहिजे. औषधाला आणि प्राण वाचवण्याला वेगळा विचार लागतो, हे मी समजते आणि त्याबद्दल कोणाला दोष देत नाही. पण इथे प्राणाचा प्रश्न नव्हता, भांगाचा होता.

मग तिने जे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं ते केलं, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. लेकीचं लोह आणि बी-१२ दोन्ही फार कमी निघालं. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवीन नाही. त्या गोळ्या सुरू झाल्या, शिवाय टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल. हे औषध मूळचं रक्तदाबाचं. गोळ्या घेणाऱ्यांना जागोजागी केस यायला लागले म्हणून लक्षात आलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते केसांसाठी मान्य झालं. पहिले काही आठवडे केस जास्तच गळतात, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि थांबवलं की पुन्हा मूळपदावर. हे सगळं तिने आधीच सांगितलं. खर्च महिन्याला हजाराच्या आत.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती खास आपल्यासाठी. मोठे उपवास, बाळंतपण, ताप किंवा ऑपरेशन झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात. शरीराने ताण सोसलेला असतो आणि बरेच केस एकदम विसाव्याला जातात. हे बहुतेक वेळा आपोआप सहा महिन्यांत थांबतं. दशलक्षणात दहा उपवास करून दिवाळीच्या सुमारास घाबरणाऱ्या किती तरी बायका मला माहीत आहेत. त्यांनी पॅकेज घेतलं असतं तर केस आपोआप आले असते आणि श्रेय पॅकेजला गेलं असतं. पारण्यानंतर अळीव, राजगिरा, डाळी नीट घ्या. गळणं थांबलं नाही किंवा गोल चकती पडली, ज्याला आपण चाई म्हणतो, तर मात्र डॉक्टर गाठा.

परतीच्या गाडीत मी लेकीला समजवायला म्हणून म्हणाले, "जाऊ दे, केस म्हणजे शेवटी मोहच. आपल्या माताजी बघ, स्वतःच्या हाताने उपटून काढतात."

वडशाला मी दहा वर्षांची असताना आर्यिका माताजींचा केशलोच पाहिला होता. बोटांना राख लावून त्या चिमटीचिमटीने केस काढत होत्या. दोन, तीन किंवा फार तर चार महिन्यांनी हा विधी, आणि त्या दिवशी उपवास. आई पदराने डोळे पुसत होती आणि माताजींच्या चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नव्हती. ते दृश्य मी कधी विसरले नाही.

लेक खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आई, माताजींनी सोडले. माझे गेले. दोन्ही सारखं नाही. आणि तू मला मोह सोड म्हणतेस, पण पूड तूच लावली होतीस."

वरोरा गेलं, भद्रावती गेलं, चंद्रपूर येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. तिचं बरोबर होतं. त्याग तो, जो आपल्या मनाने होतो. दुसऱ्याच्या नुकसानीला त्यागाचं नाव देणं सोपं असतं, आणि ते मी माझ्याच लेकीला करत होते. मोह असलाच तर तिच्या केसांचा मला होता. माझ्या कमरेखालच्या वेणीचं कौतुक मला तिच्या डोक्यावर पुन्हा बघायचं होतं.

क्लिनिकला फोन करून आम्ही येत नाही म्हणून कळवलं. पंचवीस हजार परत आले नाहीत. वहीत ते मी बुडीत खात्यात लिहिले आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, 'न विचारल्याबद्दल'.

पुढे एक स्थळ आलं, तेव्हा लेकीने पहिल्याच फोनवर मुलाला सांगितलं की माझे केस विरळ आहेत, औषध चालू आहे. "नंतर कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. कारण केस की दुसरं काही, आम्ही विचारलं नाही. मला रडू आलं, ती मात्र मोकळी दिसली. आता आठ महिने झाले. गळणं कमी आहे, भांगाची रेघ थोडी अरुंद झाली आहे. आधीसारखे झाले का, तर नाही. तिने खांद्यापर्यंत कापून घेतले आणि ते तिला शोभतात. हे मी तिला सांगितलं, आणि या वेळी आधी चेहऱ्याकडे बघून सांगितलं.

आणि तो मुलगा? सरकारी मदत, काही दानशूर मंडळी आणि नातेवाईक यांच्या बळावर त्याचं प्रत्यारोपण झालं. आपल्या कोळसा खाणींच्या भागात एक गोष्ट माहीत असलेली बरी. थॅलेसेमियाच्या मुलांच्या अशा प्रत्यारोपणासाठी कोल इंडिया २०१७ पासून दहा लाखांपर्यंत मदत देते. ओळखीत कोणी असेल तर दवाखान्यात विचारायला सांगा. प्रत्यारोपणाआधी मुलाची जुनी मज्जा रिकामी करायला तीव्र औषधं देतात. त्याने डोक्यावरचे सगळे केस जातात. आमची बाई महिनाभराने गावाहून आली तेव्हा फोनवर त्याचा फोटो दाखवला. गुळगुळीत डोकं, तोंडाला मास्क, डोळे हसरे. "काकू, खऱ्या स्टेम सेलात पहिले केसच जातेत पहा," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. लेकही हसली. तिने त्याच्यासाठी पुण्याहून एक टोपी पाठवली आहे.

माझ्या वहीच्या मागच्या पानावर मी चार प्रश्न लिहून ठेवले आहेत. तुम्हीही लिहून ठेवा. केस का गळतात हे तपासलं का? सुईत नक्की काय आहे आणि ते कोणाच्या शरीरातून आलं? ते मान्य उपचारात आहे की प्रयोगात? आणि जे पत्रकावर लिहिलं तेच पावतीवर लिहून द्याल का? चौथ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर पर्स उघडू नका.

यंदा दशलक्षणाच्या तिसऱ्या दिवशी, उत्तम आर्जवाच्या प्रवचनात, मन-वचन-काया एकसारखी ठेवण्याबद्दल ऐकताना मला त्या काळ्या पुडीची डबी आठवली. घरी आल्यावर शोधली. लेकीने ती केव्हाच टाकून दिली होती. क्षमावाणीला दरवर्षी मी सगळ्या नातेवाइकांना फोन करते आणि घरातल्यांना हात जोडून एकदम उरकते. यंदा पहिला फोन पुण्याला केला. "कळत-नकळत" म्हणायला सुरुवात केली आणि थांबले, कारण नकळत काही नव्हतं. म्हणून नुसतं म्हटलं, "तुझ्या भांगाकडे बघायची मी, त्याची क्षमा कर."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उत्तम क्षमा, आई. आता जेवलीस का ते सांग."

तुमच्या लेकी-सुनांचे केस कसे आहेत हे मी विचारणार नाही. त्या कशा आहेत, ते कळवा.

जय जिनेंद्र.